पुळण चाळून किनारा साफ होईल का? पलूसहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही पलूसचे. दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला गेलात तेव्हा लेकीच्या ओंजळीत शिंपल्यांबरोबर निळे-हिरवे तुकडे, थर्माकोलचे दाणे आणि दुधी रंगाचे गुळगुळीत मणी आले. हे सगळं काढायचं कसं, असं तिने विचारलं. आता तुमचं मित्रमंडळ मे महिन्यात पन्नासेक जणांना घेऊन, चाळण्यांसकट, तिथली पुळण चाळायला निघालंय. त्याचा उपयोग होईल का, समुद्र एवढा लांब असताना यात आपला सांगली-साताऱ्याचा हात किती, आणि आता मासे खावेत की नाही, हे तुम्हाला हवंय.

मी कराडला असते. नदीचं पाणी आणि गाळ तपासणं हे माझं काम. गेली काही वर्षं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कृष्णाकाठचा गाळ आणि चिपळूण, गुहागर, दापोलीकडची वाळू यांतले प्लॅस्टिकचे कण आम्ही मोजतो. त्यावरून माझं मत आधीच सांगून टाकते: पन्नास माणसं घेऊन पुळण चाळायला जाऊ नका. ती पन्नास माणसं पावसाळ्याच्या आधी एक दिवस कृष्णाकाठी उतरवा. गुहागरला जायचंच तर पाच-सहा जण जा, आणि चाळण्या मोजण्यासाठी न्या.

तुम्ही उत्साहाने काही ठरवलंय आणि मी नको म्हणतेय, म्हणून कारणं नीट सांगायला हवीत.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. २००४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि तिथून हा शब्द रुळला. तुमच्या लेकीच्या हातात आलेल्या तीन वस्तूंचा उगम मात्र वेगवेगळा आहे. गुळगुळीत मणी म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल, ज्याला धंद्यातले लोक दाणा म्हणतात. बादली असो की पाइप, कारखान्यात आधी हा दाणाच येतो. तो वाहतुकीत सांडतो, जहाजावरून पडतो. २०२१ साली कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळालं तेव्हा श्रीलंकेचा किनारा या दाण्यांनी पांढरा झाला होता. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर तेच झालं. हा दाणा नखाने दाबला तर दबत नाही, थर्माकोलचा मणी दबतो. घरी एवढ्यावरून ओळखता येतं. दाणा पिवळा पडला असेल तर तो बरेच दिवस उन्हा-पाण्यात फिरतोय असं समजा.

रंगीत तुकडे ही दुसरी जात. एकेकाळी ती झाकणं, दोऱ्या, पिशव्या, चपला होत्या. त्या मोडतात कुठे, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. खोल पाण्यात ऊन पोचत नाही, पाणी थंड असतं, तिथे प्लॅस्टिक फार हळू झिजतं. पुळणीवर ऊन कडक, वाळू तापलेली, हवा मोकळी आणि भरती दिवसातून दोनदा येऊन सगळं वाळूवर घासणार. पुळण हे प्लॅस्टिकचं जातं आहे. तीस बाय चाळीस सेंटिमीटरची एक साधी पिशवी घ्या. दोन्ही बाजू मिळून तिचे एक-एक मिलिमीटरचे चौकोनी तुकडे झाले तर २ लाख ४० हजार होतात. पिशवी अख्खी असताना एका माणसाला वाकून ती एकदाच उचलायची असते.

आता चाळणीचं बघू. भरतीची सर्वांत वरची ओळ, जिथे शेवाळ, काटक्या आणि कचरा अडकतो, तिथेच कण जास्त सापडतात. फक्त ती ओळ धरली, पाच मीटर रुंद, वरचा पाच सेंटिमीटरचा थर, लांबी एक किलोमीटर, तरी २५० घनमीटर वाळू होते. कोरड्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण १.६ टन, म्हणजे ४०० टन. पन्नास जणांत वाटली तर माणशी ८ टन! आणि गुहागरची पुळण एक किलोमीटरची नाही.

एवढं करून काढाल ते एक ते पाच मिलिमीटरचं. त्याहून बारीक ते वाळूबरोबर खाली पडणार, आणि संख्येने बारीक कणच जास्त असतात. ओली वाळू चाळणीतून पडतच नाही, म्हणजे कोरडी होईपर्यंत थांबायचं, तोवर पुढची भरती येते. पावसाळ्यात कोकणातल्या बऱ्याच पुळणी खचतात, वाळू आत जाते, आणि दिवाळीनंतर हळूहळू पुन्हा भरतात. त्यामुळे मे महिन्यात साफ केलेला थर ऑक्टोबरमध्ये तिथे असेलच असं नाही. खाली दबलेलं वर आलेलं असतं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वाळूतल्या जिवांचं. भरतीच्या ओळीतलं शेवाळ आपल्याला घाण वाटतं, पण त्याखाली बारीक किडे असतात आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर जगतात. वाळूत शिंपल्या आणि खेकड्यांची पिल्लं असतात. दापोली, मंडणगड, गुहागर या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत घरटी करतात आणि पिल्लं बाहेर पडण्याचं काम मेपर्यंत चालू राहू शकतं. पन्नास माणसांनी वरची पुळण खणून चाळावी असा हा काळ नव्हे. म्हणून किनाऱ्यावर गेलात तर हाताने उचलता येईल ते उचला: झाकणं, बाटल्या, दोरीचे तुकडे, जाळ्याच्या गुंतवळी, थर्माकोलचे ठोकळे. थर्माकोलला अग्रक्रम द्या, कारण तो मोडायला लागला की दाण्यांचा हिशेबच राहत नाही. शेवाळ आणि लाकडं तिथेच राहू द्या. ग्रामपंचायतीला आधी सांगा, आणि गोळा केलेला कचरा गावातून कुठे जाणार हेही विचारून ठेवा. पोती भरून किनाऱ्याच्या मागच्या सुरूच्या बनात ठेवली आणि उधाणाने परत नेली, असं होऊ देऊ नका.

आता आपला हात किती. हे तुम्ही नेमके कुठे राहता यावर अवलंबून आहे, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत याचं उत्तर फार वेगवेगळं येतं.

पलूसचं पाणी गुहागरला जात नाही. तुमच्या ओढ्याचं पाणी कृष्णेत, तिथून औदुंबर, सांगली, हरिपूरला वारणा मिळते, मग मिरज, कर्नाटक, अलमट्टी, नारायणपूर, पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज आणि हंसलादीवीजवळ बंगालचा उपसागर. सुमारे १,४०० किलोमीटरची नदी. तुमच्या शेतातून गेलेला तुकडा तिथे पोचतो का? काही पोचतं, पण वाटेत इतकी धरणं आणि बंधारे आहेत की बरंचसं मध्येच गाळात बसतं. मग आपण सुटलो, असं काही जण म्हणतात. मला त्याचा अर्थ उलट वाटतो. जे समुद्रात गेलं नाही ते आपल्याच नदीकाठच्या मळीच्या रानात, आपल्याच बंधाऱ्यामागे आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पंप त्याच नदीतून पाणी उचलून दुष्काळी भागाच्या शेतात नेतात, आणि पाण्यात जे तरंगत असतं ते पाण्याबरोबरच चढतं.

साताऱ्याच्या पश्चिमेला चित्र पालटतं. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. त्या बाजूच्या पॉइंटवरून दरीत भिरकावलेली बाटली अरबी समुद्राच्या वाटेला लागलेली असते. कोयना तर दोन्हीकडे जाते. नदी म्हणून ती कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण धरणातलं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात, तिथून कोळकेवाडी आणि शेवटी अवजलाच्या, म्हणजे वीज करून झालेल्या पाण्याच्या, वाटेने वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आहे. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते, आणि दाभोळपासून गुहागरची पुळण काही लांब नाही. तापोळा, बामणोलीला बोटिंग करताना शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, टाकलेल्या वेष्टनाचा आणि तुमच्या लेकीच्या ओंजळीचा एवढा सरळ संबंध आहे. एक गोष्ट इथे लक्षात घ्यायची: वीजगृहाकडे जाणारं पाणी जलाशयाच्या खालच्या थरातून घेतात, त्यासाठी १९९९ आणि २०१२ मध्ये लेक टॅपिंगही, म्हणजे पाण्याखालून जलाशयाला बोगदा जोडण्याचं काम, झालं. म्हणून तरंगणारी अख्खी बाटली त्या वाटेने जात नाही, ती काठाला लागते. काठावर उन्हात तिचा चुरा झाला आणि तो चुरा पाण्यात मिसळून खाली गेला की मग त्याला वाट मिळते.

गुहागरच्या पुळणीवरचं सगळं वरून आलेलं आहे असं मात्र समजू नका. निळ्या-हिरव्या दोऱ्यांचे धागे मासेमारीच्या जाळ्यांचे असतात, बरंच काही पर्यटकांचं, बरंच खाडीकाठच्या गावांचं, आणि काही समुद्री प्रवाहांनी दुरून आणलेलं. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे एकाच गावाला दोष देणं चुकीचं ठरेल.

तुम्ही किनाऱ्यावर जे पाहता ते मुख्यतः तरंगणारं प्लॅस्टिक असतं: पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, थर्माकोल. ही पाण्यापेक्षा हलकी. बाटलीचं पेट नावाचं प्लॅस्टिक, पाइपचं पीव्हीसी, नायलॉनचे आणि पॉलिस्टरचे धागे पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतात. म्हणून बंधाऱ्यामागच्या गाळात आम्हाला धागे जास्त मिळतात आणि पुळणीवर पातळ कपचे. हलक्या तुकड्यांवरही काही आठवड्यांत शेवाळ धरतं आणि तेही बुडू लागतात. पाणी वरून स्वच्छ दिसतंय यावरून खाली काय आहे ते कळत नाही.

आता कृष्णाकाठचा तुमचा मे महिन्यातला दिवस. माझ्या मते सगळा जोर इथे असायला हवा. पावसाळ्याआधी नदी खाली गेलेली असते आणि मागच्या पुराने टाकलेला कचरा उघडा पडलेला असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर काठच्या बाभळींना पिशव्या लटकलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या तिथे दोन उन्हाळे राहिल्या की हात लावताच चुरा होतो, आणि तो चुरा पुढच्या पुरात जातो. नदीच्या वळणाचा बाहेरचा काठ, झाडांची मुळं, ओढ्याचं तोंड, बंधाऱ्याची वरची बाजू, पुलाखालची जागा, घाट. या जागा आधी धरा. पुलावरून निर्माल्य पिशवीसकट टाकतात, तिथे खाली एकाच जागी ढीग मिळतो. आणि हे सगळं पहिल्या मोठ्या पावसाआधी, कारण वर्षभर काठावर, ओढ्यांत, गटारांत साठलेलं पहिल्या लोंढ्यांत निघतं.

शहरातल्या पिशव्यांवर आपण खूप बोलतो. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर. पण आपल्या भागात शेतातलं प्लॅस्टिक मला जास्त काळजीचं वाटतं, कारण त्याकडे कचरा म्हणून कुणी बघतच नाही. टोमॅटो, मिरची, कलिंगडाखाली अंथरलेला मल्चिंग पेपर पीक निघाल्यावर लगेच, अख्खा असताना गुंडाळून काढायचा. मजूर मिळत नाही म्हणून त्यावर रोटर मारला की तो कायमचा जमिनीत गेला, आणि पहिल्या जोराच्या पावसात वरच्या मातीबरोबर ओढ्यात. मला मजुरीची अडचण कळते. म्हणून मंडळाने एखाद्या दिवशी दोन-तीन शेतकऱ्यांचा पेपर काढून द्यावा. कुठल्याही घोषणेपेक्षा त्याचा परिणाम मोठा होईल. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारात जातात, तिथे फारसा प्रश्न नाही, फक्त त्या बांधावर वर्षानुवर्षं पडू देऊ नका.

दुसरी वस्तू म्हणजे खताची, सिमेंटची विणलेली पांढरी पोती. माती भरून ती बंधाऱ्याच्या गळतीला, काठाच्या धुपीला, मोटारीच्या जॅकवेलला (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीला) लावतात. ती पॉलिप्रॉपिलिनची असतात. उन्हात त्यांची वीण सुटते आणि पांढऱ्या पट्ट्या, मग पट्ट्यांचे केसांसारखे धागे पाण्यात जातात. कृष्णेच्या गाळात हे पांढरे धागे मी इतक्या वेळा पाहिलेत की ते आता दुरून ओळखू येतात. पोती लावावीच लागत असतील तर पावसाळा संपल्यावर काढून घ्या, दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ठेवू नका. तागाचं पोतं मिळालं तर तेच वापरा.

गोळा केलेलं जाळू नका. उघड्यावर प्लॅस्टिक पूर्ण जळत नाही, विषारी धूर होतो आणि मागे काळे चुरे उरतात, त्यांतही प्लॅस्टिक असतं. कोरडं करून, माती झटकून, वेगवेगळं बांधून भंगारवाल्याला किंवा नगरपालिकेच्या घंटागाडीला द्या. मल्चिंग पेपर मातीने भरलेला असतो म्हणून भंगारवाले घेत नाहीत, तेव्हा त्याचं आधी बोलून ठेवा.

आता गुहागरला मोजायचं कसं. लेकीला न्या, तिला हे नक्की आवडेल. काठ्यांची पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरची चौकट करा. भरतीच्या सर्वांत वरच्या ओळीवर शंभर मीटर अंतर मोजा आणि त्यात सारख्या अंतरावर पाच जागी चौकट ठेवा. कचरा जास्त दिसतोय तिथे चौकट ठेवायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर मोजमापाला अर्थ राहत नाही. प्रत्येक चौकटीतली वरची पाच सेंटिमीटर वाळू स्टीलच्या घमेल्यात घ्या, आधी मोठ्या भोकांच्या आणि मग बारीक भोकांच्या चाळणीतून काढा. घरातली गव्हाची आणि रव्याची चाळण चालेल, भोकं पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवा. चाळणी धातूचीच हवी. वर उरलेल्यातून शिंपले, काटक्या वेगळ्या करा. शंका आली तर तुकडा चिमट्यात धरून तापवलेली सुई लावा: प्लॅस्टिक वितळतं किंवा आकसतं, शिंपला आणि लाकूड नाही. हे मोठ्यांनी करायचं, उघड्यावर. दाणे, कपचे, धागे, थर्माकोल असे चार रकाने करा. एका चौकटीतल्या संख्येला चारने गुणलं की दर चौरस मीटरची संख्या मिळते. वाळू आणि जिवंत जे असेल ते जागच्या जागी परत.

यातून तुम्हाला डोळ्यांना दिसणारं, म्हणजे साधारण एक मिलिमीटरपर्यंतचं खात्रीने कळेल. त्याखालचं प्रयोगशाळेचं काम. तिथे आम्ही मिठाच्या संपृक्त द्रावणात नमुना ढवळतो. त्याची घनता साधारण १.२, त्यामुळे पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, नायलॉन वर येतं, पण पेट आणि पीव्हीसी खालीच राहतं. त्यासाठी जास्त जड द्रावण लागतं आणि ते घरी हाताळण्यासारखं नसतं. मग कण कोणत्या प्लॅस्टिकचा हे अवरक्त किरणांच्या यंत्रावर बघतात. म्हणून घरच्या मोजणीचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून बघू नका. तीच जागा, तीच चौकट, तोच महिना धरून दरवर्षी मोजलंत तर तुमच्या स्वतःच्या आकड्यांची तुलना खरी होईल.

माशांबद्दल थोडक्यात. हे कण माशाच्या पोटात, आतड्यात सर्वाधिक सापडतात. सुरमई, पापलेट साफ करूनच आपण खातो, तेव्हा तो भाग निघून जातो. जवळा, सुकट अख्खी खाल्ली जाते, तिथे जास्त कण जाण्याची शक्यता असते. त्यासाठी मासे बंद करावेत असं मी सांगणार नाही, माझ्या घरी खातात. मीठही यातून सुटलेलं नाही. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांना भारतीय मिठाच्या नमुन्यांत कण आणि धागे मिळाले. समुद्राचं पाणी मिठागरात घेण्याआधी वाळूच्या साध्या गाळणीतून गेलं तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक कण अडतात, असंही त्यांनी दाखवलं. आपल्या घरातून होण्यासारखं म्हणाल तर पॉलिस्टरचे कपडे मशीन भरून, कोमट नव्हे तर थंड पाण्यात आणि कमी वेळ धुवा, त्याने धागे कमी सुटतात.

एखादा नमुना तपासून घ्यायचा असेल तर वरची पाच सेंटिमीटर वाळू किंवा गाळ स्टीलच्या चमच्याने काचेच्या बरणीत भरा. झाकण धातूचं हवं, ते नसेल तर झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल लावा. घेणाऱ्याने सुती कपडे घालावेत, वारा तोंडावर येईल असं उभं राहावं. जवळच एक रिकामी बरणी तेवढाच वेळ उघडी ठेवून मग बंद करा आणि तीही बरोबर द्या, कारण हवेतून आणि आपल्या अंगावरून किती धागे पडले ते तिच्यावरून वजा करता येतं. बरणीवर पेन्सिलीने गाव, नदी की किनारा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि त्याआधी पाऊस कधी झाला होता हे लिहा. तुमच्या भागातल्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र विभागात आधी विचारून मगच बरण्या न्या. कृष्णाकाठच्या सफाईच्या दिवशीही ओढ्याच्या तोंडाजवळची एक बरणी भरा, गुहागरच्या बरणीशेजारी तीही तपासून घेता येईल.